टाकीतलं मीठ

पोस्टमास्तरांनी मुंबईहून आणलेले, काचेच्या टाकीतले सोनेरी मासे आजारी पडले, तेव्हा त्यांच्या बायकोने मासे विकणाऱ्या तुळसाला आत बोलावलं. चाळीस वर्षं मालवणात डोक्यावर पाटी घेऊन फिरलेली तुळसा उंबऱ्याशी टेकली. "माका मेलेल्या माशांतला कळता, बाईनू. जित्यातला नाय."

तरी तिने एक मासा ओंजळीत घेतला आणि सवयीने आधी कल्ले पाहिले. ते लाल होते. शेपटीवर मात्र पांढरे ठिपके होते. "खाऱ्या पाण्यातल्याक ह्यो रोग मिया बघूक नाय. अर्धा पाणी बदला, मूठभर मीठ घाला."

आठवड्याने ठिपके गेले. बाई हरखल्या. तुळसा मिठाने भेगाळलेले तळवे बघत म्हणाली, "जल्मभर माशांक मीठ लावलंय, बाईनू. जगलो तो ह्योच पयलो."