गुरुवारी सेमाडोहला जेवायला

अकोल्याच्या जठारपेठेत राहणाऱ्या माझ्या थोरल्या साडूंइतका उपासाचा वैरी अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही आणि यापुढे व्हायचा नाही. एकादशी, संकष्टी हे दिवस देवानं इतरांना कमी जेवायला लावून आपल्या वाट्याला जास्त यावं म्हणूनच नेमलेत, अशी त्यांची पक्की समजूत. माझी थोरली मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, जन्मभर गुरुवार करायची आणि हे तिच्यासमोर मांडी ठोकून आम्लेट खायचे. ती गेली त्याला आता तीन वर्षं झाली, पण आम्लेट काही सुटलं नाही.

साडू विजेच्या खात्यात लाईनमन होते. रिटायर झाले तरी अंतर अजून पोलांतच मोजतात. अमरावतीतल्या आमच्या घराचा पत्ता ते ‘ट्रान्सफॉर्मरपासून सातवा पोल, जरा कलता’ असा सांगतात आणि पाहुणे बिनचूक पोचतात. रस्त्यात एखादा पोल वाकलेला दिसला की मोटारसायकल उभी करून त्याच्याकडे असे काही रोखून पाहतात, की आपण गेल्यावर तो नक्की सरळ होत असेल, असं मला वाटतं. मोटारसायकलचं तर विचारूच नका. तिचा हॉर्न पुढच्या गावात आधी जातो, साडू मागून पोचतात. चालवताना बोलायचं झालं की मान पुरती मागे वळवतात. समोरून येणारे ट्रक आपापल्या जबाबदारीवर बाजूला होतात.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी सातलाच तो हॉर्न आमच्या दारात वाजला. “चाला, सेमाडोहले जेवाले जाऊ.” मेळघाटच्या जंगलातलं सेमाडोह आमच्यापासून शंभर किलोमीटर, आणि अकोल्याहून तिकडे जवळची वाट असताना हे मला घ्यायला एवढा वळसा मारून आलेले. भानगड अशी, की पंचवीसेक वर्षांपूर्वी साडूंची तिथे नेमणूक होती आणि ते एका मावशीच्या खानावळीत जेवायचे. बदली झाली त्या दिवशी मावशीनं गावरान कोंबडीचा रस्सा आणि ज्वारीच्या भाकरी वाढल्या, साडूंनी पहिला घास मोडला आणि दारात खात्याची जीप येऊन उभी राहिली. भरलं ताट तसंच सोडून निघावं लागलं. मावशी आता थकली आहे, चूल कधीमधीच पेटवते, असं त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं. ते ताट पुरं करायचं होतं.

मी म्हटलं, आधी फोन तरी करा. तर म्हणाले, “फोन करून जेवाले जाते तो पाहुना नाई, गिऱ्हाईक.” शिवाय मला ताकीद मिळाली, की वाटेत एक शेंगदाणासुद्धा तोंडात टाकायचा नाही, पोट कोरं ठेवून जायचं.

आता साडूंच्या ओळखीचं घर टाळून वऱ्हाडातून पुढे जाता येत नाही, कारण हॉर्न आधीच पोचलेला असतो. वलगावात एक जुने सहकारी रस्त्यातच आडवे आले. घरात नेलं. पोह्यांच्या बशा आल्या. साडू नको म्हणाले तशी वहिनींचा चेहरा उतरला. “कावून? आमच्या घरचं चालत नाई का?” साडू गडबडले आणि म्हणून गेले, “तसं नाई वो. आज गुरुवार. आमचा उपास हाये.”

त्यांना वाटलं सुटलो. ज्यानं जन्मात उपास केला नाही त्याला काय कळणार, की आपल्याकडे उपासाच्या माणसाला उपाशी सोडत नाहीत! साबुदाण्याची उसळ आली, बटाट्याचे पापड आले, वर केळी. पुढे आसेगावात पुन्हा घर, पुन्हा तोच उपास, पुन्हा उसळ. एकदा सांगितलेलं खोटं रस्ताभर तेच सांगावं, नाहीतर माणूस लबाड ठरतो, असं साडूंचं म्हणणं. परतवाड्याला त्यांच्या हाताखाली काम शिकलेल्या गड्यानं शिंगाड्याचा शिरा समोर ठेवला तेव्हा माझ्या पोटात साबुदाण्याचं एक धरण बांधून झालं होतं. तो कौतुकानं विचारत होता, कुठे निघाले, कोणाकडे. साडूंनी भाबडेपणानं सगळं सांगितलं.

घाट चढताना ते मान मागे वळवून म्हणाले, “घाबरू नका. घाटानं सारं जिरते.”

मावशी दारातच उभी होती, पिकल्या केसांची, वाकलेली. परतवाड्याच्या गड्यानं फोन केला होता. सेमाडोहात रेंज म्हणे मनात आलं तर येते. नेमकी त्या दिवशी आली. मावशीनं आम्हाला बसवलं आणि ताटं मांडली. ताटात भगर होती आणि दाण्याची आमटी.

“वहिनीचा गुरुवार तुमी धरला, भाऊ,” मावशी म्हणाली. “आयकून लय बरं वाटलं. ती इकडं आली का तिले म्याच करून देत होती ही भगर.”

अंगणात एक तांबडा कोंबडा निर्धास्त फिरत होता. साडूंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा ताटाकडे. मग तोंड उघडलं. मला वाटलं, आता खरं सांगणार.

“थोडी आमटी वाढा,” ते म्हणाले.

ताट त्यांनी बोटानं निपटून खाल्लं. परतताना घाटात पहिल्यांदाच त्यांनी मान मागे वळवली नाही. परतवाडा दिसू लागल्यावर समोर बघतच म्हणाले, “पुढच्या खेपेले बुधवारी येऊ.”

तो बुधवार अजून निघालेला नाही. पण पुढच्याच गुरुवारी सकाळी साडूंचा फोन आला. आवाज इतका हळू, की मला वाटलं कुठे मोटारसायकल आदळली. “साळीले विचारा तं जरा, भगरीले पानी किती लागते?”

मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, एका वाटीला तीन वाट्या घाला, छान मऊ होते. मी तसं सांगितलं. पलीकडून स्टोव्हचा आवाज येत होता.

“तीन नाई,” साडू म्हणाले. “तिची मोकळी राहे.”