टोपणनावांची वही

हारोआदच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकासमोर, बाभळीखाली, दुनियोची चहाची टपरी आहे. वेलदोडा, आलं आणि उंटिणीचं दूध घातलेला तिचा चहा गोड असतो. जीभ तेवढी गोड नाही. गावातल्या निम्म्या माणसांची टोपणनावं तिनंच ठेवलेली. आपल्याकडे टोपणनाव तोंडावर ठेवतात, पाठीमागे नाही. लंगड्याला लंगडा म्हणायचं आणि त्यानंही बिनतक्रार ‘ओ’ द्यायची. राग येत असेल तर दुसरं गाव बघावं.

दवाखान्याला मदत करणारी परदेशी संस्था गाशा गुंडाळून गेली तेव्हा जाताना जनरेटर घेऊन गेली आणि रक्ताचा फ्रीज ठेवून गेली. विजेविना फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. तीनच महिन्यांपूर्वी राजधानीतून आलेली डॉक्टर हिबाक त्या संध्याकाळी टपरीवर येऊन बसली आणि डोळे पुसत म्हणाली, “आत्या, आता बाळंतीण रक्त जाऊन पडली तर मी काय करू? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

“आड भरलेला आहे,” दुनियो बाजाराकडे बोट दाखवत म्हणाली. “हे काय, इकडून तिकडे हिंडतायत. फ्रीज नाही ना? मग रक्त माणसांतच ठेव. तिथं नासत नाही ते. लागेल तेव्हा माणूसच बोलवायचा.”

डॉक्टरीण हुशार होती. तिनं आठवड्याभरात दोनशे माणसांचे रक्तगट तपासले आणि छान यादी केली. पहिली वेळ आली तेव्हा बजाज रिक्षावाला खोकल्या छपरावर भोंगा बांधून ओरडत फिरला, “मोहम्मद अली यांनी दवाखान्यात यावं!” अकरा मोहम्मद अली आले. त्यांतल्या आठांचा गट जुळत नव्हता, दोघांचं रक्त कधी तपासलंच नव्हतं, आणि एकाला वाटलं, त्याची हरवलेली शेळी सापडली. ज्याचं रक्त हवं होतं तो घरी जेवत बसला होता. त्याला ‘तीनबोट्या’ सोडून दुसऱ्या नावानं त्याची आईसुद्धा हाक मारत नव्हती.

“पोरी, कागदावरच्या नावानं इथं बकरीसुद्धा येत नाही,” दुनियो म्हणाली आणि तिनं ती यादी ताब्यात घेतली. नवी वही केली. ‘तीनबोट्या, खाटकाशेजारी, ओ पॉझिटिव्ह. उंटओठ्या, दुपारी मशिदीच्या सावलीत झोपतो, बी पॉझिटिव्ह. रडकी, शिंप्याची थोरली, ए निगेटिव्ह.’ त्यानंतर खोकल्यानं हाक मारली की हवा तोच माणूस पंधरा मिनिटांत फाटकात हजर. तपासणीचं सामान बाजारातले व्यापारी आणून देऊ लागले. रक्त देणाऱ्याला उकडलेलं अंडं आणि दुनियोचा चहा फुकट मिळायचा. दोन वर्षांत रक्ताविना एकही बाई गेली नाही. राजधानीचे साहेब येऊन वहीचे फोटो काढून गेले, तेव्हा दुनियो पदर सावरून अशी बसली होती, जणू दवाखाना तिच्याच बापाचा.

मग तो मंगळवार आला. सकाळी दहाच्या सुमारास शाळेतली बाई सगल पहिलटकरीण म्हणून आली, मुलगी झाली, आणि रक्त थांबेना. डॉक्टरीण स्वतः धावत टपरीवर आली.

“ओ निगेटिव्ह, आत्या! आत्ताच्या आत्ता!”

दुनियोला वही उघडावी लागली नाही. गावात ओ निगेटिव्ह तिघंच. एक उंट घेऊन दूर चराईला गेलेला. दुसरी स्वतःच आठव्या महिन्यात. तिसरा वर्सामे, मीठवाला. वहीत त्याचं नाव होतं ‘पळपुट्या’.

खोकल्या भोंगा लावून सुटला. “पळपुट्या! ए पळपुट्या! दवाखान्यात ये, तुझं रक्त हवंय!” सगळा बाजार हसला. “पळून जाईल रे, धरा!” कोणीतरी ओरडलं.

खोकल्या रिकाम्या रिक्षेनं परत आला. “दुकानाचं दार आतून लावून बसलाय, आत्या. म्हणतो, त्या नावाचा माणूस इथं राहत नाही.”

दुनियोनं किटली विस्तवावरून उतरवली. इतक्या वर्षांत भरदिवसा तिनं टपरी सोडलेली कोणी पाहिली नव्हती. ती रिक्षेत बसली.

मिठाच्या दुकानापुढे बघे जमले होतेच. तिनं दारावर थाप मारली.

“वर्सामे, दार उघड. शाळेतली सगल मरतेय.”

“पळपुट्याकडून काय घेतेस?” आतून आवाज आला. “चाळीस वर्षं झाली, दुनियो. माझ्या लग्नात गायलात तुम्ही ते नाव. माझ्या मुलाला शाळेत पळपुट्याचा पोर म्हणतात. नाव तू ठेवलंस. आणि आता माझं रक्त हवं, तेसुद्धा भोंग्यावरून, बाजाराला हसवत? येणार नाही मी. तुझ्या वहीतल्या भित्र्याला बोलाव.”

त्या नावाची गोष्ट गावात पोराटोरांना पाठ होती: दुनियो दहा वर्षांची, वर्सामे नऊचा, दोघं शेरडं राखत होती, तरस आलं, वर्सामेनं धूम ठोकली आणि तीन शेरडं गेली. ती गोष्ट दुनियोनंच घरी येऊन सांगितली होती आणि मग चाळीस वर्षं चहाबरोबर सांगितली होती. तिकडे सगलचं रक्त जात होतं आणि इकडे ही लाजत उभी होती. तिनं खोकल्याच्या हातातून भोंगा ओढून घेतला.

“ऐका रे!” तिचा आवाज उंटबाजारापर्यंत गेला. “त्या तरसाची खरी गोष्ट आज सांगते. आधी मी पळाले! तरस नीट दिसायच्या आधीच पळाले. चप्पलसुद्धा तिथंच टाकली. हा पोरगा दोन दगड मारून मग पळाला. पण मी आधी घरी पोचले, म्हणून गोष्ट माझी झाली! बाप मारेल म्हणून ह्याच्यावर ढकललं, आणि पुढे लोक हसायला लागले तेव्हा मला गोड वाटलं. चाळीस वर्षं मी खोटं बोलले. गावात पळपुटी एकच आहे, ती मी. आता हसा!”

कोणी हसलं नाही. मग गर्दीतून उंटओठ्या म्हणाला, “म्हणजे चप्पल तुझी होती होय? तरी ती सापडली तेव्हापासून माझा आजा म्हणायचा, मुलाची चप्पल एवढी नाजूक कशी!” आणि बाजारात असा हशा फुटला की खोकल्याला खोकल्याची उबळ आली.

कडी निघाली. वर्सामे दारात उभा होता, दाढीला मीठ लागलेलं.

“तीन दगड,” तो म्हणाला. “दोन नाही. तीन मारले होते.”

“तीन! तीन म्हणते बाबा, शंभर म्हणते, रिक्षेत बैस!”

खोटं कशाला सांगा, सुई बघून तो पांढराफटक पडला. दुनियोनं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर धरलं आणि रक्त भरेपर्यंत त्या तिसऱ्या दगडाची गोष्ट त्याच्याचकडून तीनदा वदवून घेतली. पिशवी अजून कोमट होती तेव्हाच ती सगलच्या हाताला लागली. दुपारच्या अजानच्या वेळी डॉक्टरीण बाहेर आली आणि “वाचली!” म्हणत तिनं दुनियोला घट्ट मिठी मारली. टपरीवर बायकांनी जिभा हलवून असा आनंदाचा गजर केला की शेळ्या दावी तोडून पळाल्या.

सगलच्या आईनं वर्सामेचे हात धरले. “तू विहीर आहेस, बाबा. कोरड्या मुलखातली विहीर.” आपल्याकडे यापेक्षा मोठी शाबासकी नाही. संध्याकाळपर्यंत ते नाव त्याला चिकटलं. दुनियोनं वही काढली, ‘पळपुट्या’वर जाड रेघ मारली आणि शेजारी ‘विहीर’ लिहिलं. मग पान उलटून स्वतःच्या नावापुढे ‘पळपुटी’ लिहिलं. हाक नेमकी पोचली पाहिजे, इथं लाजून भागत नाही.

आता टपरीचं नाव पळपुटीचा चहा. राजधानीच्या साहेबांनीसुद्धा पुढल्या भेटीत तेच विचारलं, “पळपुटीची टपरी कुठे?” ती हसून ‘ओ’ देते.

पाच महिन्यांनी परत एकदा खोकल्या भोंगा लावून बाजारातून गेला. “विहिरी! पळपुटी बोलावतेय! लवकर ये!”

वर्सामे लुंगी सावरत, मिठाचं माप हातात तसंच घेऊन, बाजारातून धावत सुटला. सुईची भीती त्याच्या तोंडावर लांबूनही दिसत होती. दुनियोनं त्याच्यासाठी चहा ओतायला घेतला आणि गिऱ्हाइकांना म्हणाली, “बघा, अजून पळतोच आहे.”

वर्सामेला ते ऐकू गेलं. फाटकातून आत शिरता शिरता तो सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला.