रोझीचं दूध चांगलं होतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. दर नाताळच्या आधी कुमसाराला जाते, फादरसमोर गुडघे टेकून पापं सांगते, तिथेही नाही. तिथे मी रागाचं पाप सांगते. राग मला येतोच, अख्ख्या पाचूबंदराला ठाऊक आहे. फादर ऐकून घेतात, जपमाळ करायला सांगतात आणि मी हलकी झाल्यासारखं दाखवत घरी येते. राग फार सोयीचा असतो हो. मोठ्याने भांडणाऱ्या बाईला कोण विचारतं, की बाई, तू लपवतेयस काय?

मी मासे विकते. दहावीपर्यंत शिकले, देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मासिकात कधीमधी चार ओळी लिहिते, पण पोट भरतं ते पापलेट-बोंबलावर. शेजारी रोझी राहते. तिचा नवरा जॉनी बोटीवर असतो. बोट गेली की किती दिवस फिरकत नाही. सासू मार्थाबाय गुडघ्यांनी अधू आणि जिभेने धडधाकट. रोझी मला मावशी म्हणते. सख्खी नाही, पण सख्खीपेक्षा जास्त — असं मी लोकांना सांगत असते. अजूनही सांगते.

काही वर्षांमागे रोझीला पहिला मुलगा झाला, सायमन. दिवस भरायच्या खूप आधी झाला. तळहातावर मावला असता, पण हात लावू कोण देत होतं? काचेच्या पेटीत ठेवलेला, अंगाला वायरी, नाकातून पोटात नळी. रोझीचं सिझेरियन झालेलं, त्यात टाके पिकले. बाळाला हॉस्पिटलात ठेवून घेतलं आणि तिला घरी पाठवलं. रिक्षाचा एक हिसका तिला सोसत नव्हता. पण डॉक्टरांनी सांगितलेलं, की ह्या बाळाला आईच्या दुधासारखं औषध नाही, थेंबभर असलं तरी पाठवा. मग ते नेणार कोण?

मी म्हटलं, मी नेईन.

आणि नेलं मी, त्यात खोटं नाही. सकाळचा लिलाव आटपायचा, घरी येऊन आंघोळ करायची, रोझीकडून बाटल्या घ्यायच्या आणि रिक्षा पकडायची. ती पोरगी भिंतीला टेकून, दात आवळून पंपाने दूध काढायची. बाटलीचा तळ झाकला तरी केवढं हसू फुटायचं तिला! आणि बाकीच्या बायका? त्याही यायच्या की. हॉस्पिटलच्या जिन्यात उभ्या राहून चौकशा करायच्या. गरोदरपणात पपई खाल्ली होती का? ग्रहणात बाहेर पडली होती का? पोर तिथे श्वासासाठी झगडतंय आणि ह्यांना पपई सुचते. घरी एक डबा आणून द्यावा, मार्थाबायचे दोन हंडे भरावेत, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. मी त्यांना जिन्यातूनच हाकललं. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

हॉस्पिटलवाल्यांनी दूध नेण्याची रीत सांगितली होती. एक निळं पाकीट दिलं होतं, ते फ्रीजरमध्ये दगडासारखं गोठवायचं, पिशवीत ठेवायचं, बाटल्या शेजारी उभ्या ठेवायच्या. सुटा बर्फ वापरायचा नाही. सांगणाऱ्या नर्ससमोर मी मान हलवली, पण मनात काय म्हटलं सांगू? मला बर्फ शिकवतेस तू, कालची पोरगी? माझी आई बर्फात हात घालून म्हातारी झाली.

त्यात एक गोष्ट घडली. एका नर्सने मला सगळ्यांदेखत जिन्यापाशी उभं राहायला सांगितलं. म्हणाली, मच्छीचा वास येतोय मावशी, इथे नको. आंघोळ करून, इस्त्रीचं पातळ नेसून गेले होते मी. बाकावर बसलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, एका बाईने तर नाकाला ओढणी लावली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्या हातांनी तुमच्याकडचं बाळ जगवायला दूध आणलंय, त्याच हातांचा तुम्हाला वास येतो? मी तिथे काही बोलले नाही, आणि न बोललेलं माझ्या पोटात राहिलं. हे सांगतेय ते सूट मागायला नाही. राग खरा होता. पण त्या रागाने पुढे मी जे केलं, ते मीच केलं.

त्याच रात्री वीज गेली. सकाळपर्यंत आली नाही. निळं पाकीट फ्रीजरमध्ये पाणी पाणी होऊन पडलेलं. हॉस्पिटलला फोन करून विचारता आलं असतं. मी विचारणार होय? त्यांना? मी माझ्या खोक्यातला बर्फ घेतला. माशांच्या खोक्यातला, लिलावातून आणलेला चुरा. डब्यात भरला आणि बाटल्या त्यात गाडल्या. आम्ही पापलेट असंच ठेवतो, खाली बर्फ, वर बर्फ, मधे मासा दिसतासुद्धा कामा नये. असं ठेवलेलं पापलेट मुंबईपर्यंत ताठ जातं. मग दूध का नाही जाणार?

हाताने दाबून दाबून गाडल्या मी त्या बाटल्या. अगदी गळ्यापर्यंत. तेव्हा मला कौतुक वाटत होतं स्वतःचं.

हॉस्पिटलच्या खाली, हात धुवायच्या बेसिनपाशी डबा उघडला. बर्फ बराच वितळला होता आणि एका बाटलीचं झाकण दाबाने उचकटलं होतं. निघताना ती अर्धीही नव्हती. आता काठोकाठ भरली होती, वर पेजेसारखं पातळ पांढुरकं पाणी. मी वास घेऊन बघितला. पण माझ्या नाकाला माशाचा वास कळणार आहे थोडाच?

कळलं मात्र होतं. वासावरून नाही, बघताक्षणी कळलं होतं.

आता ऐका, मी काय केलं ते. बाटली कलती केली. वरचं पाणी बेसिनमध्ये ओतलं. घरून निघताना जेवढी होती, तेवढी अंदाजाने राहू दिली. झाकण घट्ट बसवलं, पदराने पुसली, आणि वर जाऊन त्याच नर्सच्या हातात दिली. तिने विचारलं, "गार ठेवलं होतं ना मावशी? बर्फ लागला नाही ना?" आणि मी म्हटलं, "काल आलेय का मी?"

एवढंच. नुसतं 'ही एक बाटली टाका' म्हणायचं होतं. तीन-चार शब्द! तिने ती टाकली असती. कदाचित ओरडली असती, कदाचित बाकावरच्या सगळ्यांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं असतं. मला ते नको होतं. माझी, ह्या बाईसाहेबांची, मान खाली जायला नको होती, म्हणून माशांच्या खोक्यातलं पाणी त्या एवढ्याशा जिवाच्या पोटात गेलं तर चालणार होतं?

सायमनचं पोट फुगलं. आतड्याला संसर्ग झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. इतक्या लहान बाळात कशानेही होतो, म्हणाले. दुधाचंही विचारलं त्यांनी — घरी काढताना स्वच्छता पाळत होतात ना? हे त्यांनी माझ्यासमोर जॉनीला विचारलं, बोट सोडून धावत आलेल्या जॉनीला. मी बाजूला उभी होते. तेव्हा बोलले असते तर कदाचित त्यांनी वेगळं औषध दिलं असतं, कदाचित नसतं दिलं. मी बोललेच नाही, मग कळणार कसं? सायमन गेला. त्या पाण्यानेच गेला का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आणि ह्या 'सांगू शकत नाही'च्या मागे मी किती वर्षं लपले, त्याची मला चीड येते.

दफन करून आलो. घरात माणसं बसली होती, आणि मार्थाबाय सगळ्यांसमोर म्हणाली, "हिचंच दूध बाधलं पोराला. अंगात ताप, नि दूध काढून धाडीत होती."

मी उठले. काय काय बोलले त्या म्हातारीला! तुझ्या जिभेला हाड नाय, सुनेला खायला बसलीस, लाज धर. घर दणाणून सोडलं. बायका नंतर म्हणाल्या, रोझीच्या पाठीशी कुणी असेल तर ही. लिलावात कुणी कुजबुजलं, की पोर आईच्या दुधाने गेलं, तरी मी टोपली ठेवून भांडायला जायची. दोन घरांशी माझं बोलणं तुटलं ह्यापायी. सगळं बोलले मी, शिव्या दिल्या, शपथा घातल्या. फक्त बाटलीचं बोलले नाही. त्या एका गोष्टीने सगळ्यांची तोंडं बंद झाली असती, आणि तीच सोडून मी गावभर ओरडत फिरले. ह्याला पाठीशी उभं राहणं म्हणतात?

आणि रोझी? तिला मी म्हटलं, देवाची मर्जी गो. देवाला मधे घातलं. त्याचा काय संबंध होता?

यंदा रोझीला मुलगी झाली. दिवस भरून झाली, गुटगुटीत, घसा ताणून रडणारी. आणि रोझी तिला अंगावर घेत नाही. छातीला ओढणी घट्ट बांधून बसते, पोरीला पावडरचं दूध पाजते. हॉस्पिटलच्या बायका समजावून थकल्या. ती ऐकून घेते, हसते आणि पावडरचा डबा उघडते. जॉनी माझ्याकडे आला. म्हणाला, "मावशी, तुझं ऐकते ती. तू बोल ना."

गेले. पोरगी भुकेने लाल झाली होती. रोझीचा ब्लाउज ओढणीखालून भिजला होता. दूध वाहत होतं हो तिचं, आणि पोरगी तिच्याच मांडीवर हातपाय झाडत रडत होती. मला बघून म्हणाली, "मावशी, तू रोज नेत होतीस. तू खरं सांग. सायमनला माझंच दूध बाधलं ना?"

खोलीत आम्ही दोघीच. मार्थाबाय देवळात गेलेली. नर्स नाही, डॉक्टर नाही, बाकावर कुणी बसलेलं नाही. ज्यांची मला लाज वाटत होती, त्यातलं एकही माणूस नाही.

मी म्हटलं, "पानी उकळलंस ना गो?" आणि तिच्या हातातली बाटली घेऊन पावडर कालवायला बसले.

तिने मान हलवली. माझं उत्तर तिला मिळालं, असं तिला वाटलं. भिंतीकडे तोंड करून ती ब्लाउज बदलू लागली.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी जाते. पोरगी माझ्या मांडीवर पिते. जॉनी म्हणतो, मावशी आहे म्हणून चाललंय आमचं. रोझीचा ब्लाउज हल्ली तेवढा भिजत नाही. चार-आठ दिवसांत आटेल, मार्थाबाय म्हणते. एकदा आटलं, की मी खरं बोलले काय आणि न बोलले काय, पोरीला त्याचा काही उपयोग नाही. आज अजून आहे.

आज सकाळी मी रोझीच्या दारावरून लिलावाला गेले. दार उघडं होतं. ती पोरीला खांद्यावर घेऊन उभी होती, मला बघून तिने हात केला. मीही केला, आणि पुढे गेले.