जाळ्याचा वाटा

नवी मुंबई व्हायच्या आधी आमच्या सारसोळ्यात समाजाचे थर ओळखायला कुणाला पुस्तक लागत नसे. होडी खाडीकाठी लागली की मासळीचे वाटे पडत: एक होडीचा, एक जाळ्याचा आणि होडीवरच्या प्रत्येक गड्याचा एकेक. होडी काकाची, जाळं आमचं. बाप गेल्यावर त्या जाळ्याच्या वाट्यावरच आई आणि मी जेवत होतो.

मग गिरणगावातून एक पुढारी आला. पायजमा इस्त्रीचा, काखेत जाडजूड पुस्तक. देवळाच्या ओट्यावर सगळ्यांना बसवून त्याने सांगितलं की जगात वर्ग दोनच, राबणारे आणि मालक. मालक न राबता वाटा घेतो, म्हणजे राबणाऱ्याला लुटतो. होडीवरच्या गड्यांना हे फारच पटलं. फुकटचं ज्ञान आणि वर जास्तीची मासळी, कोण सोडतो? होडीचा आणि जाळ्याचा वाटा तिथल्या तिथे रद्द झाला. काकाने हरकत घेतली नाही, कारण तो आणि त्याचे दोन मुलगे होडीवरच होते, गड्यांचे तीन वाटे त्याच्याच घरी जात. राहिली माझी आई. लुगड्याला ठिगळं, घरात मूठभर तांदूळ, आणि गावातली एकुलती एक भांडवलदार!

मला आधी हसू आलं. घरी येऊन चूल पाहिली तेव्हा रडू आलं.

आईने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी जाळं घरात ओढून आणलं आणि त्यावर बसून राहिली. ओहोटी लागली तसा काका धावत आला.

"वयनी, जालं दे, पानी चाललंय."

"मी मालक ना? मालकाचा संप हाय," आई म्हणाली.

तीन दिवस होडी बांधलेली. चौथ्या दिवशी पुढाऱ्याला बोलावून आणलं. त्याने पुस्तक उलटंपालटं केलं, पण मालकाच्या संपावर त्यात काही नव्हतं. माघार घ्यावी तर सिद्धान्त बुडतो, न घ्यावी तर गडी उपाशी. शेवटी त्याने तोड काढली: जाळं पाण्यात राबतं, म्हणजे जाळं कामगार, आणि कामगाराला वाटा मिळालाच पाहिजे. टाळ्या पडल्या, ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी आमचा वाटा परत आला. आईने कालवण केलं आणि पुढाऱ्यालाही जेवायला बसवलं. तो बोटं चाटत असताना ती म्हणाली, "मास्तर, ते जालं मी विनलं. रोज त्याची भोकं मीच सांधते. मंग मी कोन?"

पुढाऱ्याने काटे बाजूला काढून ताट पुढे केलं. आईने त्याला आणखी भात वाढला.