तिच्या बीकरमधली मुळं

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी एका मुलीच्या धानाच्या मुळांवर जळले. खोटं कशाला सांगू?

ती जवाहरनगरच्या क्वार्टरमधली, वडील फॅक्टरीत. मी सिहोऱ्याकडची, शेतकऱ्याची पोर, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. सरांनी दोघींना एकच काम दिलं होतं. लँथॅनमचा क्षार पाण्यात कमीजास्त प्रमाणात घालायचा, त्यात धान उगवायचं, मुळं मोजायची. लँथॅनम हे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांपैकी एक. नाव दुर्मिळ, पण कणभर आमच्या धानाच्या बांधीतल्या मातीतही असतं. अगदी थोडं मिळालं तर मुळाच्या पेशी जोमानं वाढतात. जास्त झालं तर ते कॅल्शियमची वाट अडवतं आणि वाढ खुंटते. जिचं काम चांगलं, ती नागपूरच्या परिसंवादात बोलणार होती.

मीच जाणार, हे मी धरूनच चालले होते. धानाच्या रोवण्याच्या चिखलात तिनं कधी पाय घातला नव्हता. "धान सोलून भिजवायचं का गं?" असं तिनं पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा मी पोट धरून हसले होते; धान टरफलासकटच भिजवतात, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक.

आठव्या दिवशी तिची कमी मात्रेतली मुळं साध्या पाण्यातल्यांपेक्षा लांब, पांढरीशुभ्र. जास्त मात्रेतली आखूड, तपकिरी. सर म्हणाले होते अगदी तसंच. माझी मात्र सगळ्या बीकरांत सारखीच.

घरी ताटावर बसले आणि भात नुसता चिवडत राहिले.

"काहून वो, जेवून नाही राहिली?" बाबांनी विचारलं.

"तिचे मुळं वाढले, माहे नाही वाढले."

"क्वार्टरच्या पोरीचे? पऱ्ह्याच्या रोपाले सुपर फॉस्फेट टाकतो आपण, तसं काही तू टाकलं होतं का?"

"फॉस्फेट टाकलं ना."

"मंग तिनंच काही गडबड केली असंन."

मला हेच ऐकायचं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये गेले आणि तिचं बीकर खिडकीशी धरलं. पाणी स्वच्छ होतं.

"काय शोधतेस यार?" ती दारात उभी.

"पाहून राहिली होती."

"बघ ना." तिनं पिशवी ठेवली आणि माझ्या सगळ्यात जास्त मात्रेच्या बीकरवर वाकली. "तुझ्या तळाला हे पांढरं काय?"

"पाण्याचा क्षार असंन."

"डिस्टिल्ड पाण्यात? तू फॉस्फेट घातलंस का?"

घातलं होतं. सरांनी नुसतं पाणी सांगितलं होतं, पण कोवळं रोप उपाशी ठेवायला माझं मन धजलं नव्हतं. म्हणून सगळ्याच बीकरांत चिमूटभर.

"अगं, लँथॅनम त्याला धरून खाली बसलं. मुळांपर्यंत पोचलंच नाही."

हसली नाही ती. हसली असती तर बरं झालं असतं.

दुपारी तीच माझ्या टेबलाशी आली. मूळ का वाढलं हे दाखवायला मुळाच्या टोकाची स्लाइड हवी होती, आणि तिच्या हातून टोकं चिरडत होती. "करून देशील? नाहीतर सर नागपूरला पाठवणार नाहीत."

नाही म्हणणं सोपं होतं. पण एकही मूळ न तोडता पऱ्ह्याची रोपं सोडवण्यात माझं लहानपण गेलं होतं, आणि ते हात तिला दाखवायचा मोह आवरला नाही. पहिलीच स्लाइड जमली. सूक्ष्मदर्शकात जिकडेतिकडे पेशींचं विभाजन चाललेलं, दाटीवाटीनं. माझ्या धानात हे दिसायला हवं होतं.

"एक सांगते," मी म्हटलं. "स्लाइड कोणी केली, हे तिथं बोलायचं."

ती बोलली. भर सभागृहात, माझ्या गावाचं नावसुद्धा घेऊन. लोक वळून माझ्याकडे पाहायला लागले, टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. ती विसरली असती तर निदान रागावता तरी आलं असतं.