खुणेच्या काठ्या

सांगलीत विश्रामबागच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. दोन्ही गोष्टी सत्तरनंतरच्या त्या चार-पाच वर्षांतल्या.

गाव आमचं कऱ्हाडच्या खाली, कृष्णाकाठी. कोयनेची वीज आली, घरोघर मोटारी बसल्या आणि बटण दाबलं की नदीचं पाणी शेतात. मग काय! ज्याला त्याला आपला ऊस पाण्यात उभा दिसायला हवा. माझे वडील फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. सरीत पाय बुडल्याशिवाय त्यांना उसाला पाणी पाजल्यासारखंच वाटत नसे.

आमच्या खालच्या अंगाला एका जैन शेतकऱ्याचं रान होतं. ते वडिलांचे लहानपणापासूनचे सोबती, मी त्यांना काका म्हणायची. दोनेक वर्षांत त्या रानात जागोजाग मिठासारखा पांढरा खार फुटला. गहू वीतभर वाढून पिवळा पडला. वडील म्हणत, यांनी पोत्यांनी रासायनिक खत ओतलं. काकांची दोन्ही मुलं म्हणत, तुमचं पाणी झिरपतंय. एका मे महिन्यात ती दोघं पहार घेऊन आमची पाइपलाइन फोडायला आली. वडील काठी घेऊन बाहेर पडले. तेवढ्यात काका धावत आले, मुलाच्या हातातली पहार काढून घेतली आणि माझ्याकडे वळले.

"पोरी, तू शास्तर शिकलीयास. हे कशानं हुतंय ते तूच बघ. तू सांगशील ते आमी मानू."

भांडण ज्याच्याशी, त्याच्याच लेकीला न्याय करायला सांगायचा. मला अगदी भरून आलं. आणि थोडं चढलंही, खोटं कशाला बोलू?

उन्हाळ्याची सुट्टी होतीच. आमच्या बांधापासून काकांच्या रानापर्यंत एका ओळीत तीन खड्डे काढून घेतले, प्रत्येकात खुणा कोरलेली बांबूची काठी रोवली. आमच्या उसाला पाणी दिलं की तिसऱ्या दिवशी काकांच्या खड्ड्यातलं पाणी चार बोटं चढायचं. ते बशीत आटवलं की तळाला खाराचा पांढरा थर. आमचं जादा पाणी झिरपून जमिनीतला खार वर आणत होतं, दोष आमचाच होता. पण वडिलांना पटायला हवं तर मोटार बंद ठेवून पाणी उतरलेलं दाखवणं भाग होतं. पाण्याच्या दोन पाळ्या बंद ठेवा, असं मी म्हटलं.

"मे महिन्यात दोन पाळ्या बंद? ऊस वाळला तर तुझ्या बश्या चाटू व्हय?"

आवाज चढवायचा नाही, हे मी ठरवलं होतं. खादीवाल्या मास्तरांच्या हाताखाली शिकलेली मी. मी अन्न सोडलं. वडील माझ्यासमोर बसून दोन्ही वेळा व्यवस्थित जेवले, वर ताकही मागितलं. असा राग आला होता मला!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई चुलीपुढं घेरी येऊन पडली. काकू, म्हणजे काकांची बायको, नेहमीसारख्या कळशी घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. पुरुषांचं बोलणं बंद होतं, पण या दोघींचं चालूच होतं. त्यांनीच तिला सावरलं. "तीन दिस पोटात काय न्हाई हिच्या," त्या मला म्हणाल्या. आमच्याकडे लेक उपाशी असताना आई घास घेत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी विचारच केला नव्हता. उपास धरला वडिलांवर आणि मारलं आईला. शरमेनं मान वर होईना. मी भाकरी घेतली, आईला भरवली, स्वतः खाल्ली. संपला सत्याग्रह.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीचा आवाज आला नाही. वडील बुटांना पॉलिश करत बसले होते.

"दोन पाळ्या बंद. जा, बघ तुझ्या काठ्या."

पाणी उतरलं. वडिलांनी स्वतः वाकून खुणा पाहिल्या, काकांना बोलावून दाखवल्या. पुढं दोन्ही घरांनी मिळून खालच्या अंगानं ओढ्यापर्यंत चर खणला आणि वडील एक सरी सोडून पाणी देऊ लागले. त्या साली आमचा ऊस बारीक निघाला. काकांचं रान सुधारायला काही वर्षं गेली. एक कोपरा सुधारला नाही तो नाहीच.

ही हकिकत मी वर्गात किती वेळा सांगितली असेल! शास्त्रानं सत्य दाखवलं, उपासानं मन वळवलं, वगैरे. वडील गेल्यानंतर एकदा घरी आलेल्या विद्यार्थ्यांना तीच रंगवून सांगत होते. आई शेजारी तूर निवडत बसलेली. पोरं गेल्यावर म्हणाली,

"तुझ्या उपासानं न्हाई गं बाई. काकूच्या आडाचं पाणी खारं झालं हुतं. त्यात डाळच शिजत न्हवती. दोन वर्सं आपल्याकडनं कळशी न्यायच्या त्या. बापय माणसांत भांडण नगं म्हणून गप ऱ्हा म्हणाल्या हुत्या. घेरी आली त्या दिशी मी तुझ्या आबांना सांगून टाकलं. त्यांनी ताट सारलं, जेवले न्हाईत."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कवा?"

ती पुन्हा तूर निवडायला लागली. त्या उन्हाळ्यात काकू आमच्या हौदावर कळशी भरायला आल्या की मी त्यांना बाजूला सरायला सांगत असे, तिथंच मला पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या धुवायच्या असत.