जाम्याची डावी बाही

कपडा बिघडला तर चूक टेपची, कात्रीची, नाहीतर शिंप्याची. चौथं कारण मी कधी मानलं नाही. तरीपण हा अनुभव सांगतो... पटला तर बघा.

एकोणीसशे तीसनंतरची गोष्ट. वालचंदनगरचा कारखाना तेव्हा नवा होता. माझं टेलरिंगचं दुकान बारामतीत. लासुर्ण्याच्या मंडळींनी जत्रेसाठी ऐतिहासिक नाटक बसवलं होतं. सरदाराचं काम गणपतरावांकडे, कुस्तीच्या तालमीतला गडी. त्यांना जुन्या पद्धतीचा घेरदार जामा हवा होता. तसला कपडा मी कधी शिवला नव्हता. पण लासुर्ण्यातल्याच आबांकडे त्यांच्या आजोबांचा एक जामा जपून ठेवलेला होता, पेशवाईतला.

तो उसवायला जीव होईना. म्हणून जमिनीवर पसरून वर्तमानपत्राच्या कागदावर एकेक भाग उतरवून घेतला. आजोबा अंगानं बारीक, गणपतराव आडवे. छातीला वाढवलं, बाह्या लांब केल्या, घेराच्या कळ्या, म्हणजे खालचे तिरके तुकडे, तशाच ठेवल्या.

ट्रायलला सगळं फिट्ट — फक्त डावी बाही चार बोटं आखूड! नवी बाही बेतून लावली. पुन्हा तेच.

"मास्तर, माझा हात वाढतोय का काय?" गणपतराव म्हणाले.

जामा उतरवून बाह्या एकमेकींवर ठेवल्या. तंतोतंत सारख्या. मग मी स्वतः अंगात घातला... माझंही डावं मनगट उघडं! आता जादा कापड उरलं नव्हतं, आणि नाटक दुसऱ्या दिवशी.

नाटकात गणपतरावांना त्या बाहीची लाज वाटली. त्यांनी डावा हात बाहीच्या आत ओढून घेतला आणि तसेच स्टेजवर आले. त्याबरोबर बायकांत पुढं बसलेल्या आबांच्या म्हाताऱ्या आई धडपडत उठल्या, पदर कपाळापर्यंत ओढला आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"आय, काय झालं?" आबा धावले.

"मामंजी आलं न्हवं. म्या बसू कशी?"

नाटक संपल्यावर मी त्यांच्यापाशी गेलो. "माई, कसं काय ओळखलंत?"

"लढाईत त्यांचा डावा हात मनगटापसनं गेला व्हता. मी लगीन होऊन आले तवा सासूबाई त्यांची डावी बाही आखूडच शिवायच्या. घरात हाय तो जामा लढाईच्या आदीचा."

आबांना हे ठाऊकच नव्हतं. त्यांच्या जन्माआधीच आजोबा गेले होते. "मला कुनी सांगितलंच न्हाय," म्हणत ते आईच्या पायाशी बसले. माईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि मामंजींबद्दल कितीतरी वेळ सांगत राहिल्या. असं त्या याआधी कधी बोलल्या नव्हत्या म्हणे.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी नाटकातला जामा पुन्हा अंगात घातला. डावी बाही मनगट झाकून खाली, उजवीच्या बरोबरीनं. एक टाकाही उसवला नव्हता. पुढं त्याच कागदांवरून मी कितीतरी जामे शिवले, एकाचीही बाही चुकली नाही.

मग तेव्हाच का? शिंपी म्हणून मी खूप डोकं चालवलं... अजूनही सांगता येत नाही.